अक्षरांच्या कडा

"सर, या अक्षरांना राख लागलीय."

खिडकीजवळच्या मशीनवरून खोराटे बाई म्हणाल्या आणि मी कपाळाला हात लावला. मागच्या आठवड्यात अक्षरांना दात आले होते. त्याच्या आधी अक्षरं थरथरत होती. आता राख.

"कुठं आहे राख?" मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो.

"ही बघा की. या 'भ'च्या कडेनं. करडी करडी आहे, मधेच तांबूस. काळं संपतं आणि पांढरं सुरू होतं ना, तिथं काहीतरी भुरभुरलंय."

मी वाकून पाहिलं. मग डोळे बारीक करून पाहिलं. मला आपला एक धडधाकट 'भ' दिसत होता.

"बाई, ती राख मीच टाकलीय," मी म्हणालो. "अक्षरांना दात आलेत म्हणून तुम्हीच तक्रार केली होती. म्हणून काल मी स्मूदिंग चालू केलं. त्यात काय होतं, अक्षराच्या कडेला कंप्युटर फिकट ठिपके भरतो. त्यामुळे कड गुळगुळीत दिसते."

"गुळगुळीत दिसते खरी. पण एका जागी ठरत नाही."

दाराशी त्यांच्या सासूबाई, आक्का, सुपात मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता तोंड घातलं, "मास्तर, तिला दिसतंय म्हणती तर असंल की. तुमचं डोळं दाखवून या कुनाला तर."

क्लासमधली पोरं फिदीफिदी हसली आणि हसता हसता शिंकायला लागली. आक्का आल्या की माझ्या क्लासमध्ये शिंकांची साथ यायची.

हा माझा क्लास गडहिंग्लजला, बाजारपेठेच्या मागच्या बोळात, एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर होता. पाटीवर 'मुजावर कंप्युटर्स' असं नाव होतं आणि ते मी स्वतः निवडलेल्या फॉन्टमध्ये रंगवून घेतलं होतं. पेंटर वैतागला होता. "सर, अक्षर म्हणजे अक्षर. त्याला एवढं काय बघायचं?" असं तो म्हणाला होता. पण फॉन्ट हा माझा नाद होता. कुणी कबुतरं पाळतं, मी फॉन्ट पाळायचो. कुठल्या फॉन्टमध्ये रफार अक्षराच्या डोक्यावर नीट बसतो, कुठल्यात जोडाक्षराचे पाय खालच्या ओळीला लागतात, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. अशा माणसाला खोराटे बाईंसारखी विद्यार्थिनी मिळणं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं होतं. सुरुवातीला तरी मला तसंच वाटलं.

बाईंचं नाव वैजयंता. वय चाळिशीच्या अलीकडचं. गाव नूल. नवरा नामदेव पाटबंधारे खात्यात कारकून होता. तो अकाली वारला आणि त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर बाईंना घेतलं. घेताना अट एकच होती. मुदतीच्या आत मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द. नाही जमलं तर नोकरी गेली. मग घरात उरणार दोन बायका, एक दहावीतली पोरगी आणि पावसावर पिकणारा डोंगरउताराचा तुकडा. बाई दोनदा नापास झाल्या होत्या. मुदत संपायच्या आत आता एकच परीक्षा उरली होती. त्यांचे साहेब बिचारे चांगले होते, पण त्यांनीही सांगून टाकलं होतं की, "बाई, या वेळी काहीही करा. यापुढं माझ्या हातात काही नाही."

ऑफिस सुटलं की बाई तडक क्लासला यायच्या. आक्का दुपारीच बाजार करून माझ्याकडे येऊन बसायच्या आणि मग दोघी शेवटच्या एसटीनं गावी जायच्या. सासू आणि सून एकमेकींशी फार बोलत नसत. पण सुनेचं टायपिंग सुरू झालं की आक्कांचे मिरच्या खुडणारे हात आपोआप सावकाश व्हायचे, हे मी बघितलं होतं.

आता गंमत अशी की बाईंना टायपिंग येत नव्हतं असं अजिबात नाही. लग्नाआधी निपाणीच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये त्या टाइपरायटरवर पक्क्या शिकल्या होत्या. परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळेलाच लग्न ठरलं आणि परीक्षा तेवढी राहिली. बोटं कशी पडावीत हे माझ्या इतर पोरांना दाखवायला मी त्यांना उभं करत असे. पण दोन शब्द झाले की बाई थांबायच्या. मान वर करून स्क्रीनकडे बघायच्या. अक्षर जागेवर बसलंय याची खात्री झाली की मग पुढचा शब्द. त्यात आमच्या परीक्षेचा कीबोर्ड जुन्या टाइपरायटरसारखा होता. त्यात पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून. तेवढ्या क्षणापुरती स्क्रीनवर नुसती वेलांटी आणि तिच्याशेजारी ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ दिसतं. पुढचं अक्षर आलं की ते वर्तुळ नाहीसं होतं. इतर पोरांना ते कधी दिसलंही नव्हतं. बाईंची बोटं मात्र त्या वर्तुळापाशी अडायची. जणू कुणीतरी जाग्यावरून उठून गेलंय आणि ते परत येईपर्यंत त्यांना हलायचं नव्हतं.

"डोळे कागदावर ठेवा, बाई. उताऱ्यावर. स्क्रीनवर काय बघायचंय?"

"ठेवते की सर."

आणि दुसऱ्या ओळीला मान परत वर.

मी निष्कर्ष काढला की दोष अक्षरांचा आहे. अक्षर खराब दिसतं, म्हणून डोळा तिथं अडकतो. अक्षर सुधारलं की डोळा सुटेल. हातात हातोडी असली की माणसाला सगळीकडे खिळेच दिसतात. माझ्या हातात फॉन्ट होते.

मग मी कंबर कसली. कंप्युटरसोबत आलेला फॉन्ट काढून दुसरा घातला. बाई म्हणाल्या, "याची शिरोरेषा तुटक आहे, प्रत्येक अक्षरापाशी खाच दिसते." मी आकार वाढवला. खाच गेली, पण आता अक्षरं 'अंगावर येतात' असं त्यांचं म्हणणं पडलं. स्मूदिंग बंद केलं, तर 'द'च्या पोटाला आणि 'ळ'च्या वळणांना पायऱ्या दिसायला लागल्या. तेच ते दात. चालू केलं तर राख. उजेड कमी करून बघितला, जास्त करून बघितला. शेवटी माळ्यावर टाकलेला जुना, ढोल्या पोटाचा मॉनिटर खाली उतरवला, कारण त्याच्यावर अक्षरं मऊ दिसतात असा माझा अनुभव होता. तो उतरवताना माझ्या पाठीत उसण भरली. बाईंनी त्याच्याकडे मिनिटभर बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हा नको सर. याच्यावर सगळंच हलतंय."

"बाई, डोळ्यांचा नंबर वगैरे?"

"दाखवून आले की. डॉक्टर म्हणाले, डोळे एकदम चांगले आहेत."

"चांगलं हाईत तेच नडतंय," दारातून आक्का म्हणाल्या.

मला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी टोमणा मारतेय. मी हसलो आणि परत सेटिंगमध्ये डोकं घातलं.

त्या दिवसांत आमच्याकडे भारनियमन म्हणजे देवाच्या आरतीइतकं नेमाचं झालं होतं. वेळापत्रक ठरलेलं असायचं, पण कधीकधी वीज वेळापत्रकाच्या आधीच जायची. माझ्याकडे एक जुना यूपीएस होता. त्याच्या बॅटऱ्या थकलेल्या, म्हणून मी एक युक्ती केली होती. यूपीएसवर नुसते सीपीयू जोडले होते आणि मॉनिटर थेट लाइनीवर ठेवले होते. वीज गेली की सगळ्यांचे स्क्रीन काळे व्हायचे, पण आत कंप्युटर चालू राहायचा. पोरांना मी शिकवून ठेवलं होतं, अंधारातच सेव्हची बटणं दाबायची आणि हात काढून बसायचं. पंधरा मिनिटांत वीज आली तर ठीक, नाहीतर मी एकेक मशीन बंद करत जायचो.

परीक्षा तोंडावर आली होती. एका संध्याकाळी मी बाईंना परीक्षेसारखा उतारा लावून दिला होता. धरणातल्या गाळाबद्दल काहीतरी सरकारी मजकूर होता. बाई नेहमीप्रमाणे दोन शब्द, मान वर, दोन शब्द, मान वर. आणि वीज गेली.

पोरांनी "होऽऽ" केलं, सेव्ह केलं आणि खुर्च्या सरकवून ती खाली वडापाव खायला पळाली. खिडकीतून बाहेरचा उजेड येत होता, त्यामुळे काही अगदी अंधार नव्हता. मी मशीन बंद करायला निघालो आणि थबकलो. खिडकीजवळून आवाज येत होता. न थांबता. बियाण्याच्या दुकानात बाजरी मापताना यावा तसा सलग आवाज.

बाई टाइप करत होत्या. समोरचा स्क्रीन काळाठिक्कर होता आणि त्यांची मान उताऱ्याच्या कागदाकडे वळलेली होती. ती काही केल्या वर होत नव्हती. ओठ किंचित हलत होते. मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आक्कांनी दारातून हात वर केला. गप्प राहा, असा.

उतारा संपला तेव्हा बाईंनी मोठा श्वास सोडला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आम्ही दोघं त्यांच्याकडे बघतोय.

"काय झालं सर?"

"काही नाही. बसून राहा. वीज येऊ दे."

वीज आली. मी जवळजवळ पळतच त्यांच्या मशीनपाशी गेलो. पान भरलेलं होतं. वेग काढला, छत्तीस निघाला. चुका हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. मी एवढा खूश झालो की मला टाळी वाजवावीशी वाटली, आणि मी ती वाजवलीही.

"बाई, हेच! परीक्षेत हेच करायचं! बसल्या बसल्या मॉनिटरचं बटण दाबायचं, स्क्रीन बंद. राख नको, दात नकोत. फॉन्ट कुठला का असेना, तुम्हाला दिसणारच नाही तर त्रास कसला?"

बाईंनी त्या भरलेल्या पानाकडे बघितलं. हसल्या नाहीत. "हे सगळं मी केलंय?" असं हळूच म्हणाल्या.

"मग काय मी?"

"मी बघत नव्हते, तेव्हा झालं?"

"तेव्हाच झालं. तेच तर म्हणतोय."

आक्कांनी सुपातल्या मिरच्या पिशवीत भरल्या आणि "चल वैजू, गाडी जाईल," म्हणून उठल्या. मी एवढ्या महिन्यांची मेहनत फळाला आली म्हणून फुशारलो होतो. फळ कुठल्या झाडाचं, हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर रोज आम्ही स्क्रीन बंद ठेवूनच सराव केला. वेग कधी पस्तीसच्या खाली आला नाही. एक मात्र होतं. उतारा संपल्यावर स्क्रीन चालू करायची वेळ आली की बाई उठून खिडकीपाशी जायच्या. "सर, तुम्ही बघा," म्हणायच्या. मी बघायचो, वेग सांगायचो, मग त्या परत यायच्या. माणूस म्हटलं की एखादी खोड असायचीच, असं समजून मी ते सोडून दिलं.

परीक्षेचं केंद्र कोल्हापूरला एका कॉलेजात होतं. मी, बाई आणि आक्का सकाळच्या गाडीनं गेलो. आक्कांना येऊ नका म्हणून बाईंनी सांगून बघितलं होतं. त्यावर आक्का म्हणाल्या होत्या, "मी काय आत येऊन बटनं दाबनार हाय व्हय? भाईर बसतो की." आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'बसतो', 'जातो' म्हणतात.

कंप्युटर लॅब तळमजल्यावर होती. व्हरांड्याच्या बाजूनं खिडक्या होत्या आणि उकाड्यामुळे त्या उघड्या होत्या. शिपायानं आम्हाला दम दिला, "गप उभं राहायचं. आतल्या बाईशी बोलला तर तिचाच पेपर जाईल." बाईंना नेमकी खिडकीपासची जागा मिळाली. त्यांची पाठ आणि अर्धा चेहरा आम्हाला दिसत होता. स्क्रीनसुद्धा तिरका दिसत होता. त्याच्यावरचा फॉन्ट मला लांबूनही ओळखता आला. सगळ्यांत राखाडी कडांचा, बारीक, कंप्युटरसोबत येणारा तोच.

सुरुवातीचे प्रश्न झाले. पत्र झालं, तक्ता झाला. बाईंनी ते सावकाश पण नीट केलं, त्याला वेगाची अट नव्हती. मग उताऱ्याचे छापील कागद वाटले. घंटा झाली. बाईंनी हात पुढं करून मॉनिटरचं बटण दाबलं. स्क्रीन काळा झाला. मान कागदाकडे वळली आणि तो सलग आवाज सुरू झाला. मी आक्कांकडे बघून अंगठा वर केला.

एक परिच्छेद झाला असेल नसेल. पर्यवेक्षक रांगांमधून फिरत फिरत तिथं आले. साधे, सज्जन दिसणारे गृहस्थ होते. काळा स्क्रीन बघून ते दचकले, लगबगीनं पुढं झाले आणि त्यांनी बटण दाबून स्क्रीन चालू केला.

"बाई, मशीन बंद पडलं तर हात वर करायचा. असं टाइप करत बसू नका, सगळं वाया जाईल."

"बंद पडलं नाही सर. मीच केलंय. मला असंच जमतं."

"असं नाही चालणार हो. स्क्रीन आम्हाला दिसायला पाहिजे. कोण काय उघडून बसलंय ते नाही बघितलं, तर उद्या माझ्याकडे खुलासा मागतील."

"सर, माझी शेवटची परीक्षा आहे."

"मला समजतंय, बाई. पण मी नाही परवानगी देऊ शकत. वेळ चाललाय तुमचा, सुरू करा. घाबरू नका."

त्यांनी खरंच मायेनं सांगितलं आणि ते दोन पावलं मागं जाऊन उभे राहिले. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

बाईंची मान वर झाली होती. डोळे स्क्रीनवर. शेवटचा शब्द अर्धा राहिला होता, वेलांटी मारून झालेली होती आणि तिच्याशेजारी ते ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ तसंच होतं. बाईंचे दोन्ही हात मांडीवर आले. लॅबमधल्या सगळ्यांची बोटं चालली होती आणि या एकट्या त्या काचेकडे टक लावून बसल्या होत्या.

"कागद! कागदाकडे बघा!" मी दातओठ खात पुटपुटलो. "काय करताहेत या? एवढ्या त्या फॉन्टपायी..."

"अक्षराचं न्हाई ते, मास्तर," आक्का म्हणाल्या.

त्या खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या. आवाज इतका खाली होता की मला वाकावं लागलं.

"नाम्याला हितंच कोल्हापुरात दवाखान्यात ठेवलतं. काचेच्या खोलीत. उशाला पेटी हुती, तिच्यावर हिरवी रेघ वर-खाली पळायची. हिला कुनीतरी सांगितलं, रेघ पळतीया तवर काळजी न्हाई. मग काय, ही बसली रेघंकडं बघत. जेवाय उठंना, निजाय उठंना. म्हनायची, आत्ती, नजर काढली तर थांबंल. किती दिस बसली आसंल! डोळं सुजून असं झालतं. मला बघवंना. मीच म्हनलं, जा गं, घोटभर च्या पिऊन ये, मी हाय की हितं. पाया पडून धाडली खाली. ती वर येईस्तवर संपलतं."

मी आत बाईंकडे बघितलं.

"माजीबी नजर हुतीच की रेघंवर. मी काय डोळं मिटून बसलोतो? पर तिला वाटतं, तिनं नजर काढली म्हनून गेला. बोलत न्हाई कवा. पर मला कळतंय. भाकरी करताना तव्यावरची नजर काढत न्हाई. पोरगी झोपली तर तिच्याकडं बघत बसती. आनि तुमी आपलं अक्षरं घासत-पुसत बसलासा."

"आक्का, अहो, आधी सांगायचं नाही का?"

"सांगून काय केलं असतासा? हाय त्याच्यावर औषध तुमच्या त्या डब्यात?"

नव्हतं. माझ्या सगळ्या फॉन्टमध्ये मिळून नव्हतं. मला एकदम ते सगळे महिने आठवले, थरथरणारी अक्षरं, दात, राख. तासन्‌तास डोळ्याची पापणी न हलवता एखाद्या अक्षराकडे बघत राहिलं, तर कुणालाही त्याच्या कडेला काहीतरी हलताना दिसेल. बाईंना दिसत होतं ते खरंच होतं. एवढं निरखून त्याच्याकडे दुसरं कुणी बघत नव्हतं, एवढंच. मला त्या बाईची इतकी दया आली, की परीक्षा गेली खड्ड्यात, आत जाऊन त्यांना हाताला धरून बाहेर आणावं असं वाटलं.

"वैजू," आक्का पुटपुटल्या. आत ऐकू जाणं शक्य नव्हतं. शिपाई आमच्याकडे बघतच होता. "बघू नगंस गं. न्हाई कोन जात. खाली बघ."

बाई अजून स्क्रीनकडेच बघत होत्या. मग त्यांनी उताऱ्याच्या कागदाचा स्टँड उचलला आणि पार दुसऱ्या बाजूला, टेबलाच्या टोकाला नेऊन ठेवला. खुर्ची फिरवली. आता स्क्रीन त्यांच्या एका खांद्याकडे गेला आणि कागद समोर आला. कीबोर्ड त्यांनी आपल्याकडे ओढून घेतला. हात वर आले, पण बोटं टेकेनात. मान एकदा स्क्रीनकडे निम्मी वळली आणि परत आली.

मग आवाज आला. आधी अडखळत. मग एकेक शब्द. मग तो बाजरीचा आवाज.

स्क्रीन चालू होता. अक्षरं येत होती, वर्तुळं येत होती आणि जात होती, ओळी वर सरकत होत्या. बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊन हनुवटीपर्यंत ओघळत होतं आणि ते पुसायलासुद्धा त्यांनी हात उचलले नाहीत. पर्यवेक्षक एकदा काळजीनं पुढं आले, काय समजले कोण जाणे, आणि मागं सरले. आक्कांनी खिडकीचा गज घट्ट धरून ठेवला होता.

घंटा झाली. सगळ्यांचे हात थांबले. बाईंचेही थांबले. आता स्क्रीनकडे बघून शेवटचं बटण दाबायचं होतं. क्लासमध्ये या वेळेला त्या खिडकीकडे जायच्या. इथं खिडकीत आम्ही होतो. त्या आमच्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी खुर्ची सरळ केली आणि स्क्रीनकडे बघितलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते सावकाश खाली आणत त्या वाचायला लागल्या. पर्यवेक्षक म्हणाले, "चला बाई, आवरा." बाई म्हणाल्या, "एवढं वाचू द्या सर." आणि त्यांनी वाचू दिलं.

निकालाचं आत्ताच सांगून टाकतो, कारण त्या दुपारी ते विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. बाई पास झाल्या. मधला वेळ गेल्यामुळे वेग कसाबसा तिसाच्या वर गेला, पण गेला. नोकरी टिकली, पोरगी शिकली, आणि बाई आता हेड क्लार्क होऊन निवृत्तीला आल्या आहेत. माझा क्लास मात्र कधीच बंद पडला. फॉन्टचा नाद आहे, पण कुणी मला अक्षर नीट दिसत नाही म्हणालं, तर मी आधी सेटिंग उघडत नाही. आधी त्या माणसाला खुर्ची देतो आणि घरी कोणकोण असतं, ते विचारतो.

त्या दुपारी बाई बाहेर आल्या. मी पुढं झालो, पण त्या माझ्याजवळून सरळ आक्कांकडे गेल्या.

"आत्ती, मी बघत नव्हते."

"व्हय. मी बघितलं की तुला."

"एकदाही बघितलं नाही. तरी सगळं होतं तिथं. शेवटच्या ओळीपर्यंत. काही गेलं नव्हतं."

आक्कांनी सुनेच्या तोंडावरून पदर फिरवला, लहान पोरीचं तोंड पुसावं तसा.

"न्हाईच जात, बाळ. आनि जायाचं ते तू बघत बसली असतीस तरी गेलं असतं."

वैजयंताबाई तिथंच व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या आणि नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. आक्का त्यांच्या शेजारी बसून राहिल्या. शिपाई हटकायला आला, तेव्हा मी त्याला खांद्याला धरून बाजूला घेतलं आणि म्हणालो, "बसू दे रे जरा त्यांना. आज काही घाई नाही."